राखीव खुर्ची : सामान्य माणसाचं अवकाशप्रशिक्षण (अनुभव आणि चर्चा)

लंबक

मी वैमानिक नाही, सैन्यातली नाही, खेळाडू तर कधीच नव्हते. प्रयोगशाळेत उपकरणं जुळवायची आणि बिघडली की उघडून बसायचं, हे माझं काम. वय ४७. आमच्या गटानं एक पेटी तयार केली आहे. वजन नाहीसं झालं की द्रवातले बुडबुडे एकमेकांत कसे मिसळतात ते ती टिपते. शंभर किलोमीटरच्या वर जाऊन काही मिनिटांत परतणाऱ्या यानातून ती पाठवायचं ठरलं. तिची एक झडप नेमक्या क्षणी हातानं फिरवावी लागते, म्हणून सोबत माणूस हवा. दोघांची निवड झाली. माझा सहकारी मुख्य, मी राखीव.

राखीव म्हणजे सगळं तेवढंच शिकायचं, तेवढ्याच तपासण्या करून घ्यायच्या, आणि उड्डाणाच्या दिवशी बहुधा जमिनीवरून वर बघायचं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी गेले. पुन्हा विचारलं तर पुन्हा जाईन.

परत आल्यापासून लोक दोनच गोष्टी विचारतात, उलटी झाली का आणि भीती वाटली का. दोन्हींचं उत्तर हो. पण माझी खरी झटापट झाली ती तिसऱ्याच गोष्टीशी. शरीरात आत्ता काय होतंय ते आत्ताच, आहे तसं, मोठ्यानं सांगणं. मला ते येत नव्हतं. त्याबद्दल लिहायला हा धागा काढतेय.

वैद्यकीय तपासणीचं फार लिहीत नाही. हृदय, रक्तदाब, कान, डोळे, मणके, आणि एका डॉक्टरांशी मनःस्थितीबद्दल तासभर गप्पा. थेट सेंट्रिफ्यूजवर येते.

लांबलचक भुजा, तिच्या टोकाला बंद कोठडी. भुजा फिरू लागली की कोठडी स्वतःच कलते, त्यामुळे आत बसलेल्याला गरगरत नाही, फक्त वजन वाढत जातं. पहिल्या दिवशी भार डोक्याकडून पायांकडे. २ जीला, म्हणजे वजन दुप्पट झालं की, गाल ओघळल्यासारखे वाटतात आणि मांडीवरचा हात उचलायला दुसऱ्या हाताची मदत घ्यावीशी वाटते. पुढे पोटऱ्या, मांड्या, पोट घट्ट आवळायचं, छाती भरून श्वास धरायचा, दर तीन सेकंदांनी झटक्यात सोडून पुन्हा घ्यायचा. समोर दिव्यांची पट्टी असते. मध्ये लाल दिवा, दोन्ही टोकांना हिरवे. नजर लालवर ठेवायची, आणि हिरवे दिसेनासे झाले की सांगायचं. एवढंच काम.

साडेतीन जीला माझे हिरवे गेले. आधी त्यांचा रंग फिका पडला, मग कडेनं सगळं राखाडी झालं, मग पाइपातून बघतोय असं. तेवढ्यात कानात आवाज आला, "कसं वाटतंय?" मी म्हणाले, "ठीक."

का म्हणाले? दुखणं अंगावर काढायची जन्माची सवय. शिवाय मनात हेही होतं, की राखीव माणसानं कुरकुर केली तर ही खुर्चीसुद्धा जाईल. दोन-तीन सेकंदांत प्रशिक्षकानं वेग उतरवला. चेहऱ्यावर कॅमेरा असतो, त्यांना माझी भिरभिरणारी नजर दिसत होती. बाहेर आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "हिरवे कधी गेले?" मी गप्प. मग म्हणाले, "यंत्र मला दिसतं. तुमचा चेहरा दिसतो. तुमच्या डोळ्यांना काय दिसतंय ते मला कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. ते तुम्ही सांगितलं नाहीत तर मी तुम्हाला फिरवू शकत नाही."

रागावले नाहीत. त्याचीच जास्त लाज वाटली.

दुपारी पुन्हा बसले. साडेतीनला म्हणाले, "हिरवे गेले." ते म्हणाले, "पाय आवळा." मी आवळले. हिरवे परत आले! काही क्षणांत, रंगासकट. सकाळी मी हे बोलले असते तर तेव्हाही आले असते.

पुढचं सवडीनं लिहिते. काय विचारायचं ते विचारा.

रातवा

लंबकताई, एका दमात वाचलं. माझं वय ६३. रक्तदाबाची गोळी रोज, ती चुकत नाही. लहानपणापासून आकाशाचं वेड, दुर्बीण आहे. दोन शंका. नजर राखाडी होते म्हणजे नेमकं काय होतं, डोळ्याला इजा होते का? आणि माझ्यासारख्याला कुणी या यंत्रात बसू देईल का, की हे निरोगी तरुणांचंच काम?

लंबक

रातवाकाका, आधी पहिली शंका, कारण हे समजलं तेव्हा माझी अर्धी भीती गेली.

हृदयापासून डोळ्यापर्यंत साधारण ३० सेंटिमीटर उंची. तेवढा रक्ताचा स्तंभ वर चढवायला एरवी पाऱ्याचे २२-२३ मिलिमीटर इतका दाब खर्च होतो. ४ जीला रक्ताचंही वजन चौपट, म्हणजे खर्च ९० च्या घरात. हृदयाचा सरासरी दाबच ९०-९५ असतो. म्हणजे वर पोचेपर्यंत हातात काही उरत नाही. आता डोळ्याच्या आत स्वतःचा थोडा दाब असतो, मेंदूत तेवढा नसतो. म्हणून रक्त कमी पडलं की आधी डोळा विझतो, शुद्ध त्यानंतर जाते. राखाडी कडा ही सूचना आहे. डोळ्याला इजा नाही, रक्त परतलं की नजर परतते. पाय आणि पोट आवळतात ते रक्त खाली साचू नये आणि दाब वाढावा म्हणून. कुणाला हे ३ जीला होतं, कुणाला साडेचारला, आणि त्यात शरीरसौष्ठवाचा फारसा संबंध नाही. आमच्या तुकडीतल्या सगळ्यात धष्टपुष्ट, उंच मुलाचे हिरवे माझ्या आधी गेले. उंच माणसाचं हृदय आणि डोळा यांतलं अंतर जास्त!

दुसऱ्या दिवशी भार छातीतून पाठीकडे. तिथे नजरेचा त्रास नाही, कारण रक्ताला उंची चढायची नसते. तिथे श्वास जड होतो. ६ जीला ६० किलोची मी ३६० किलोची झाले. श्वास पूर्ण सोडलात तर छाती पुन्हा वर उचलताना दमछाक होते, म्हणून फुप्फुसं कधी रिकामी करायची नाहीत, वरच्यावर लहान श्वास घ्यायचे. डोकं टेकलेलं ठेवायचं. मी एकदा सवयीनं बाजूच्या आकड्याकडे मान वळवली आणि अख्खी कोठडी उलटी झाल्यासारखं वाटलं. ती चूक एकदाच होते.

वयाचं म्हणाल तर शून्यप्रहर यांना बोलवा, त्यांना तारखांसकट पाठ आहे.

शून्यप्रहर

आलो. काका, जॉन ग्लेन १९९८ मध्ये दुसऱ्यांदा गेले तेव्हा ७७ वर्षांचे होते, पण ते मुरलेले अंतराळवीर. तुमच्या कामाचं उदाहरण वॉली फंक यांचं. १९६१ मध्ये अमेरिकेत काही महिला वैमानिकांनी अंतराळवीरांच्या तपासण्या खासगीरीत्या दिल्या, त्यांतल्या त्या एक. तपासण्या उत्तम झाल्या, पण संधी मिळाली नाही. २० जुलै २०२१ ला न्यू शेपर्ड यानातून त्या गेल्या तेव्हा वय ८२. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अभिनेते विल्यम शॅटनर गेले, वय ९०. त्या यानात उतरताना काही क्षण ५ जीच्या आसपास भार येतो, तो मुख्यतः छातीतून पाठीकडे.

रक्तदाब, मधुमेह, पाठीचं दुखणं असलेल्या सामान्य माणसांना मुद्दाम सेंट्रिफ्यूजमध्ये बसवून अमेरिकेत अभ्यास झाले आहेत. आजार औषधानं नीट काबूत असेल तर बहुतेकांना झेपतं असं दिसलं. काही जण मध्येच थांबले त्यात चिंता हे एक मोठं कारण होतं. अंतिम शब्द अर्थात तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

आणि लंबकताई, तुमच्या 'राखीव' या शब्दावरून थोडं लिहितो, राहवत नाही.

१९८९ मध्ये हेलन शारमन या ब्रिटिश रसायनतज्ज्ञ एका चॉकलेट कंपनीत कामाला होत्या. गाडीत रेडिओवर जाहिरात ऐकली, अंतराळवीर हवा, अनुभवाची गरज नाही. १३ हजारांहून अधिक अर्ज आले. त्यातून शेवटी दोघं मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत गेले, शारमन आणि टिम मेस. दीड वर्ष प्रशिक्षण. रशियन शिकणं आलंच, कारण यानातल्या पाट्या, सूचना, संभाषण सगळं रशियनमध्ये. मे १९९१ मध्ये शारमन मीर या अंतराळस्थानकावर गेल्या, मेस जमिनीवर राहिले. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले तेव्हा तेवढंच शिकलेले रविश मल्होत्रा राखीव होते. आणि २००६ मध्ये उलट झालं. अनुशेह अन्सारी राखीव म्हणून शिकत होत्या, मुख्य प्रवासी दाइसुके एनोमोतो वैद्यकीय कारणानं गळले आणि सप्टेंबरमध्ये अन्सारी गेल्या. ग्रेगरी ऑल्सन यांचं तर २००४ मध्ये फुप्फुसावरच्या डागामुळे प्रशिक्षणच थांबलं होतं. ते थांबले, पुन्हा तपासण्या दिल्या, आणि २००५ मध्ये गेले.

राखीव माणसाशिवाय यातलं एकही उड्डाण आखलं गेलं नसतं. त्याचं नाव मात्र शोधावं लागतं.

रातवा

शून्यप्रहर, वॉली फंक यांचं वाचून बराच वेळ गप्प बसलो. साठ वर्षं! धन्यवाद. डॉक्टरांना विचारतो.

पाणकोळी

मी डायव्हिंगचा प्रशिक्षक आहे, खोल पाण्यात शिकाऊ लोकांना घेऊन जातो. लंबकताई, तुमचं ते "ठीक" मी रोज बघतो. पाण्याखाली बोटांनी 'सगळं बरं' ही खूण करणारा माणूस आणि खरंच बरा असलेला माणूस, हे दोन वेगळे असतात. मी खुणेकडे कमी आणि बुडबुड्यांकडे जास्त बघतो. श्वास भराभर चालला असेल तर खूण काहीही असो, मी थांबवतो.

तुमच्याकडे कमी दाबाची खोली झाली का? आमच्याकडे दाब वाढतो, तुमच्याकडे कमी होतो. कानाचं दुखणं तेच असावं.

लंबक

पाणकोळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हो, खोली झाली. तिचंच लिहायचं होतं.

आधी अर्धा तास मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन, रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी व्हावा म्हणून. नाहीतर दाब उतरताना त्याचे अंगात बुडबुडे होतात, हे तुम्हाला माहीतच आहे. मग पंपांनी हवा काढत दाब २५ हजार फुटांवरच्या इतका, म्हणजे सुमारे ७,६०० मीटर उंचीवरच्या इतका आणतात. पोटातली हवा फुगते, पट्टा सैल करावा लागतो. मग एकानं मुखवटा काढायचा, समोरच्यानं त्याच्याकडे बघत राहायचं. या उंचीवर माणूस शहाण्यासारखं वागू शकतो ती वेळ तीन ते पाच मिनिटं.

मला कागदावर शंभरातून सात-सात वजा करत जायचं होतं. ९३, ८६, ७९, ७२. सोपं चाललंय असं वाटत होतं. अंगात एक सुखाची लहर, कानांच्या पाळ्या गरम, सगळी माणसं फार चांगली आहेत असं वाटायला लागलेलं. प्रशिक्षक म्हणाले, मुखवटा लावा. मी त्यांच्याकडे बघून हसले आणि लिहीत राहिले. शेवटी समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यानं तो माझ्या तोंडावर बसवला. दोन-तीन श्वास, आणि खोलीतले रंग अचानक उजळले. रंग गेले होते हेच मला कळलं नव्हतं. नखं निळी. कागदावर ६५ आठ वेळा लिहिलेलं, शेवटचे दोन तर एकमेकांवर.

तो कागद मी जपून ठेवलाय. सेंट्रिफ्यूजमध्ये मला कळत होतं आणि मी सांगितलं नाही. इथे मला कळतच नव्हतं. प्राणवायू कमी पडला की आधी जाते ती परिस्थिती ओळखायची शक्ती, आणि माणसाला उलट छान वाटू शकतं. म्हणून प्रत्येकानं आपापली खूण शोधायची असते. कुणाची बोटं झिणझिणतात, कुणाला चिडचिड होते, कुणाला धाप लागते. माझी खूण म्हणजे गरम कान आणि विनाकारण आनंद. दुसऱ्या दिवशी साध्या खोलीतच कमी ऑक्सिजनचा मुखवटा लावून पुन्हा प्रयोग झाला. दोन मिनिटं व्हायच्या आत मी म्हणाले, "कान गरम झाले," आणि स्वतःच्या हातानं ऑक्सिजन सुरू केला. मला पूर्ण प्रशिक्षणात सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो या एका वाक्याचा.

आता कानाचं. खाली येताना, दाब वाढत असताना, माझा सहकारी एकदम हात वर करून म्हणाला, "डावा कान उघडत नाहीये." खोली थांबली. थोडं पुन्हा वर नेलं, त्याला नाक धरून हवा ढकलायला सांगितलं, मग हळूहळू उतरवलं. दोन दिवसांपासून त्याला किंचित सर्दी होती. तीही त्यानं तिथेच सांगून टाकली. डॉक्टरांनी त्याचं तीन दिवसांवर आलेलं वजनरहित विमानातलं उड्डाण रद्द केलं. तो मुख्य होता, आणि हे उड्डाण त्याला हवं होतं. माझ्यासमोर त्यानं एका वाक्यात ते सोडून दिलं.

त्याच्या जागी मी गेले.

अनवट

वाचतेय, आणि लिखाण प्रामाणिक आहे म्हणूनच विचारते. इतक्या सगळ्याचा उपयोग काय? लहान उड्डाणासाठीच्या प्रवाशांना दोन दिवसांत तयार करतात. यान स्वयंचलित. प्रवाशानं पट्टा बांधायचा, सोडायचा, खिडकीतून बघायचं. बिघाड झालाच तर सेंट्रिफ्यूजमधले तुमचे आवळलेले पाय काय करणार? ख्रिस्ता मॅकऑलिफ या शिक्षिका ११ हजारांहून अधिक अर्जांतून निवडल्या गेल्या, महिनोन्महिने शिकल्या, आणि २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत तुटून गेलं. त्यांच्या प्रशिक्षणातला एकही तास त्यांच्या कामी येण्यासारखा नव्हता. मला भीती वाटते की प्रशिक्षण हे माणसाला आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटावं म्हणून दिलेलं समाधान आहे.

शून्यप्रहर

अनवट, सगळ्याच अपघातांना हे लागू होत नाही. १९६५ मध्ये वोस्खोद २ हे सोव्हिएत यान नियोजित जागेपासून दूर उरलच्या बर्फाळ जंगलात उतरलं. त्यातल्या लिओनोव्ह आणि बेल्यायेव्ह या अंतराळवीरांनी दोन रात्री तिथे काढल्या. रशियाच्या सोयुझ यानाच्या प्रत्येक प्रवाशाला, पैसे भरून जाणाऱ्यालाही, जंगलात आणि पाण्यात तगून राहायला शिकवतात. एप्रिल २००८ मध्ये दक्षिण कोरियाच्या यी सो-यॉन परतत असताना यान तीव्र उतारानं खाली आलं. भार ८ जीच्या वर गेला आणि चारशेहून अधिक किलोमीटर अलीकडे उतरलं. त्या संशोधक होत्या, वैमानिक नव्हत्या. ८ जीला श्वास कसा घ्यायचा हे त्यांनी आधी अनुभवलं नसतं तर?

आणि प्रवासी म्हणजे सामान, ही समजूत अंतराळ संस्थांचीही होती. २००१ मध्ये पैसे भरून जाणारे डेनिस टिटो सहकाऱ्यांसोबत ह्यूस्टनला नासाकडे प्रशिक्षणासाठी गेले, तेव्हा त्यांना प्रशिक्षण द्यायला नकार मिळाला. तालगत मुसाबायेव्ह आणि युरी बातुरिन हे दोघे अंतराळवीर म्हणाले, मग आम्हीही घेत नाही. तिघं एक तुकडी होती. काही आठवड्यांत, २८ एप्रिलला, टिटो गेलेच.

लंबक

अनवट, तुमचा प्रश्न टाळणार नाही. हाच प्रश्न घेऊन मी एक रात्र जागी होते.

आम्हाला एक तास कागदपत्रांचा होता. अमेरिकेतल्या २००४ च्या कायद्यानुसार चाललेल्या व्यवस्थेत, यान माणसं न्यायला सुरक्षित आहे असं प्रमाणपत्र सरकारनं दिलेलं नाही, हे प्रवाशाला लेखी सांगावं लागतं. धोके वाचून, समजून, सही करायची. आमच्या अख्ख्या प्रशिक्षणातला तो सगळ्यात शांत तास. सेंट्रिफ्यूजबाहेर एकमेकांना धीर देणारी माणसं त्या खोलीत एकमेकांकडे बघत नव्हती. मी सही केली. तेव्हाही ठाऊक होतं, की यान फुटलं तर माझं प्रशिक्षण मला वाचवणार नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे.

पण चॅलेंजरचं मला दुसरं काही दिसतं. आदल्या संध्याकाळी अभियंत्यांनी सांगितलं होतं, थंडी फार आहे, बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी नीट बसणार नाही, उड्डाण नको. त्यांनी सांगितलं. ऐकलं गेलं नाही. मॅकऑलिफ काहीच करू शकत नव्हत्या, पण कुणीतरी करू शकत होतं, आणि ते बोलण्यावर आणि ऐकण्यावर अडलं होतं. माझ्या प्रशिक्षकानं भुजा थांबवली, ती खोली एका कानासाठी थांबली, हे मला म्हणूनच मोठं वाटतं. तिथे थांबायला सांगितल्याबद्दल कुणी कुणाला कमी लेखलं नाही.

मॅकऑलिफ यांच्या राखीव होत्या बार्बरा मॉर्गन. त्याही शिक्षिका. त्या दिवशी त्यांनी खालून ते पाहिलं. पुढे त्या पूर्ण वेळ अंतराळवीर झाल्या आणि २००७ मध्ये एंडेव्हर यानातून गेल्या. मध्ये २१ वर्षं. त्यांच्याबद्दल मी फार विचार करते.

अनवट

बोलण्यावर आणि ऐकण्यावर अडलं होतं, हे पटलं. उपयोगाबद्दलचं माझं मत पूर्ण बदललं नाही, पण प्रश्न नीट घेतलात याबद्दल आभार. विमानातलं लिहा ना.

लंबक

लिहिते.

विमान आतून रिकामं, भिंती आणि जमीन गादीनं मढवलेल्या. नाक वर करत ते जवळजवळ ४७ अंशांपर्यंत चढतं, तेव्हा वीसेक सेकंद १.८ जी. मग वैमानिक इंजिनांचा जोर कमी करतात आणि विमान फेकलेल्या दगडासारखं कमानीतून जातं. त्या वेळात २२ सेकंद वजन नाही. मग नाक खाली, पुन्हा १.८ जी. अशा पंधरा कमानी.

पहिल्या कमानीत मी फक्त जमिनीवर पाठ टेकून पडले होते, तसंच सांगितलं होतं. "सुरू" असा आवाज आला आणि पाठीखालची जमीन निघून गेली. मी वर गेले असं वाटलं नाही, जमीन गेली असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. ते ओघळलं नाही, डोळ्यावरच थरथरत राहिलं. मग ओरडा ऐकू आला, "पाय खाली!" आणि क्षणात मी गादीवर.

तिसऱ्या कमानीपासून पेटीचं काम. झडप फिरवायला गेले तर झडप जागच्या जागी आणि मीच फिरले! प्रयोगशाळेत हजार वेळा केलेली कृती. जमिनीवर आपलं वजन आपल्याला धरून ठेवतं, याचा कधी विचारच केला नव्हता. पुढच्या खेपेला पाय जमिनीवरच्या पट्ट्यांत अडकवले, डाव्या हातानं दांडा धरला, उजव्यानं झडप. तरी निम्मा वेळ स्वतःला सावरण्यातच. शेवटी सहाव्या कमानीत जमलं. तिथून आल्यावर आम्ही पेटीला दुसरा दांडा लावला आणि झडपेची मूठ मोठी केली. माणसानं आधी जाऊन बघितल्याचा हा सरळ फायदा.

नवव्या कमानीला तोंडाला पाणी सुटलं. तोंडात लाळ, कपाळावर थंड घाम, जांभया. कानातला तोल सांभाळणारा भाग एक सांगतो, डोळे दुसरंच. उलटी होऊ नये म्हणून औषध घेतलं होतं, तरी. या वेळी मी मदतनिसाला लगेच म्हणाले, "मला होणार आहे. आत्ताच." त्यानं पिशवी दिली, मला खुर्चीवर नेऊन बांधलं, म्हणाला समोरच्या एका खुणेकडे बघा, मान हलवू नका. दोन कमानी गेल्या, बाराव्याला मी परत पेटीपाशी होते. लपवलं असतं तर पेटीवरच झालं असतं. अंतराळात गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना पहिल्या एक-दोन दिवसांत हा त्रास होतो, त्यात मुरलेले लढाऊ वैमानिकही आले. जमिनीवर कुणाला गाडी लागते यावरून वर कुणाला लागेल ते सांगता येत नाही.

सहकाऱ्याला मी सगळं लिहून दिलं. कुठला पाय आधी अडकवायचा, मूठ कुठे धरायची, पहिले पाच सेकंद काहीच करायचं नाही. यानात त्याला वजनरहित तीन-साडेतीन मिनिटं मिळतील. बावीस सेकंदांनंतर तीन मिनिटं म्हणजे दुपार वाटेल. त्याचा कान आता बरा आहे, आणि उड्डाणाची तारीख लागली की तोच जाणार.

पाणकोळी

"पहिले पाच सेकंद काहीच करायचं नाही" हे मी माझ्या पुढच्या वर्गात सांगणार आहे.

गोगलगाय

लंबक, एक विचारू का, खाजगी वाटलं तर सोडून द्या. त्याला लिहून देताना वाईट नाही वाटलं?

लंबक

वाटलं. लिहून झाल्यावर वाटलं, लिहिताना नाही. विमानतळावर तो मला घ्यायला आला होता, नाक लाल, गळ्याभोवती पंचा. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "झडप फिरली का?" मी म्हणाले, फिरली, पण मूठ लहान आहे. तो म्हणाला, "मग चल, मोजू." मी काय सांगणार होते ते तिथेच मागे पडलं. त्या रात्री मात्र रडले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला तसं सांगितलंही.

मोरपीस

नमस्कार. आजवर फक्त वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी २६ वर्षांची, माझं सेंट्रिफ्यूज दहा दिवसांवर आलंय. मला बंद जागेची भीती आहे, अर्जात लिहिली आहे. डोळे मिटून घेतले तर सोपं जाईल का? तुम्ही कुणी काही सांगू शकाल?

लंबक

मोरपीस, अर्जात लिहिलीत हे फार चांगलं केलंत.

डोळे मिटू नका. मिटले की डोकं फक्त कानाचं ऐकतं, आणि तिथे कान फसवतो. नजर लाल दिव्यावर धरून ठेवा. आदल्या दिवशी विनंती करा की थांबलेल्या कोठडीत दार बंद करून पाच मिनिटं बसू दे. बहुतेक ठिकाणी देतात, मलाही दिलं. कोठडीत आवाज सतत चालू असतो, पलीकडे माणूस असतो, आणि थांबवायचं बटण तुमच्या हाताशी असतं. ते एकदा दाबून बघा, फिरवायच्या आधीच. दाबल्यावर काय होतं ते माहीत असलं की हात तिकडे सहज जातो.

मान हलवायची नाही. रात्री झोप, सकाळी हलकं खाणं, पाणी भरपूर. उपाशी जाऊ नका. वेग उतरताना पुढे कोलांटी खातोय असं वाटेल, प्रत्येकाला वाटतं. दांडा घट्ट धरा, दहा-पंधरा सेकंदांत जातं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्यांदा मी किंचाळले होते.

"कसं वाटतंय" असं विचारतील तेव्हा जे दिसतंय तेच सांगा. हिरवे आहेत, हिरवे फिके झाले, डावा गेला, असं. छाती धडधडतेय, तेही सांगा. भीती वाटतेय, तेही.

आणि झालं की इथे येऊन हिरवे किती जीला गेले ते लिहा. माझे साडेतीनला.